मुलांसोबत वॉटरकलर व्हॅलेंटाइन कार्डं: कुठलं सामान घ्यावं, कुठलं नको

आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारी संपत आला की ओळखीच्या आया विचारायला लागतात, अगं व्हॅलेंटाइनसाठी रंग कुठले घेऊ, ते ऑनलाइन किट दिसतंय ते बरं आहे का, पोरांना जमेल का. मी एका एलिमेंटरी शाळेत आफ्टरस्कूल आर्ट क्लब घेते, दुसरी ते पाचवीची मुलं असतात, आणि दर फेब्रुवारीत आम्ही वॉटरकलरची कार्डं करतो, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांचं सामान माझ्या आणि मुख्य म्हणजे मुलांच्या हाताखालून गेलंय. त्यावरून हा रिव्ह्यू.

आधी मुद्दा सांगते, मग बाकीचं. रंग साधे घेतले तरी चालतात, कागद साधा घेतला तर कार्ड होत नाही. बहुतेक पालक नेमकं उलटं करतात, चाळीस रंगांचा डबा आणतात आणि कागद मात्र प्रिंटरमधला.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं, इथे प्राथमिक शाळेत व्हॅलेंटाइन म्हणजे प्रेमबिमाचा मामला नसतो. टीचर वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी घरी पाठवतात आणि द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं, कोणालाही वगळायचं नाही, असा बहुतेक शाळांचा नियम. ॲलर्जीमुळे बऱ्याच ठिकाणी चॉकलेट-कँडी चालत नाही, मग राहतं ते कार्डच. म्हणजे बावीस मुलांचा वर्ग असेल तर तेवढी कार्डं, वर टीचर, बस ड्रायव्हर, कॅफेटेरियातल्या मावशी. सात वर्षांच्या पोराला एकेक कार्ड रंगवायला बसवलं तर तिसऱ्या कार्डाला ते रडकुंडीला येतं आणि आई गुपचूप दुकानातून छापील बॉक्स घेऊन येते. याला उपाय आहे, कागदाचं बोलताना सांगते.

तर कागद. वॉटरकलरच्या पॅडवर १४० पाउंड किंवा ३०० जीएसएम लिहिलेलं असतं, हे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते, दोन्ही आकडे एकच, तोच घ्या. ९० पाउंडचा म्हणजे साधारण १९० जीएसएमचा स्वस्त मिळतो पण भरपूर पाणी घातलं की तो तळलेल्या पापडासारखा वाकडातिकडा होतो, आणि मुलं पाणी भरपूरच घालतात, घालू द्यावं, त्यातच तर मजा आहे. जाडीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे साइझिंग. कागद बनवताना त्यात जिलेटिन किंवा स्टार्चसारखं काहीतरी घालतात, त्यामुळे पाणी लगेच आत मुरत नाही, थोडा वेळ वर थांबतं, आणि तेवढ्या वेळात रंग पसरतो, शेजारच्या रंगात मिसळतो. प्रिंटरच्या कागदाला हे झेपतच नाही. ब्रश टेकवला की तिथेच डाग, मग मूल तो डाग पसरवायला ब्रश घासतं, मग कागदाचा भुसा निघतो आणि मूल म्हणतं मला ड्रॉइंग येत नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण दोष सगळा कागदाचा असतो आणि आठ वर्षांचं मूल तो स्वतःच्या माथी घेतं आणि पुढे कितीतरी वर्षं ब्रशला हात लावत नाही.

मी क्लबसाठी कॅन्सनचं एक्सएल वॉटरकलर पॅड घेते, ९ बाय १२ इंच, १४० पाउंड, कोल्ड प्रेस म्हणजे जरा खडबडीत पृष्ठभागाचा, ३० पानं. कॅन्सन ही फ्रान्समधली १५५७ पासून कागद बनवणाऱ्या घराण्याची कंपनी, पण हे पॅड काही राजेशाही वगैरे नाही, रोजच्या सरावाचा लाकडाच्या लगद्याचा कागद आहे, आणि शाळेच्या कामाला तो अगदी योग्य आहे. दोन-तीन वॉश म्हणजे पातळ रंगाचे थर आरामात घेतो, पृष्ठभागाला थोडा खडबडीतपणा असल्याने ब्रश सुका फिरवला तरी छान ठिपक्याठिपक्यांचा इफेक्ट येतो आणि पान एकसंध वाळतं. शंभर टक्के कॉटनचा कागद याच्यापेक्षा कितीतरी सुंदर असतो, रंग त्यात आतून उजळल्यासारखा दिसतो, पण वीस मुलांना तो वाटणं परवडत नाही आणि गरजही नाही. तो मोठ्यांनी स्वतःसाठी घ्यावा.

आता बावीस कार्डांचा उपाय. मुलाला कार्ड रंगवायला द्यायचंच नाही, अख्खं ९ बाय १२चं पान द्यायचं. स्पंजने किंवा मोठ्या ब्रशने सगळं पान ओलं करायचं आणि त्यावर लाल, नारिंगी, जांभळा असे रंग टेकवत जायचे, ते आपोआप पळतात. ना हृदय काढायचं, ना फूल, नुसते रंग. वाळल्यावर त्या पानाचे ३ बाय साडेचार इंचाचे तुकडे कापले की बरोबर आठ होतात. तीन पानं म्हणजे चोवीस कार्डं, अख्ख्या वर्गाची झाली, दोन शिल्लकही राहिली. प्रत्येक तुकडा वेगळा आणि प्रत्येक तुकडा चांगला दिसतो, कारण कुठेही कापलं तरी रंग काहीतरी करतच असतो. ज्या मुलाला आपल्याला काही काढता येत नाही असं वाटत असतं त्याचा चेहरा ते तुकडे हातात आल्यावर बघण्यासारखा असतो. मग मागच्या बाजूला नाव, पुढे दोन शब्द, झालं.

घडीचं मोठं कार्ड आजी-आजोबांसाठी किंवा टीचरसाठी करायचं असेल तर तेच पान मधोमध कापायचं, ६ बाय ९चे दोन तुकडे, त्यांची घडी घातली की साडेचार बाय सहाचं कार्ड होतं आणि ते दुकानात मिळणाऱ्या ए-सिक्स पाकिटात व्यवस्थित बसतं. ३०० जीएसएमचा कागद तशीच घडी घातली तर कडेला फाटल्यासारखा होतो, आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने जोर देऊन एक रेघ ओढायची आणि मग दुमडायचं. रंगवायचं मात्र सपाट असताना, घडी शेवटी.

ज्यांना कापाकापी नको त्यांनी स्ट्रॅथमोरची तयार वॉटरकलर कार्डं घ्यावीत, घडी आधीच पाडलेली असते आणि सोबत पाकिटं येतात. एकेका कार्डाचा हिशेब केला तर पॅडपेक्षा महाग पडतात, त्यामुळे पूर्ण वर्गासाठी मी नाही घेत, पण घरी एक-दोन मुलं असतील आणि चार-पाचच कार्डं पाठवायची असतील तर हे सगळ्यात सोयीचं. दिसतातही प्रेझेंटेबल.

रंगांमध्ये माझं मत स्पष्ट आहे, प्रँगचा आठ रंगांचा ओव्हल डबा. अमेरिकन शाळांमध्ये हा डबा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि त्याला कारण आहे. वडी थोडी मऊसर असते, ओला ब्रश दोनदा फिरवला की भरपूर रंग उचलला जातो, मुलांना खरडत बसावं लागत नाही, आणि रंग कागदावर खरंच उठून दिसतो. एखादाच रंग संपला, आमच्याकडे अर्थातच लाल, तर त्या एका रंगाची सुटी वडी मिळते, डबा फेकावा लागत नाही, शाळेच्या बजेटला हे फार बरं पडतं. आठच्या डब्यात गुलाबी नाही, लाल जास्त पाण्यात कालवला की गुलाबीच्या जवळचा रंग येतो पण तो जरा नारिंगीकडे झुकतो, त्यात जांभळ्याचा एक ठिपका घातला की हवा तसा होतो. सोळाच्या डब्यात लालसर जांभळा वेगळा येतो, तो असेल तर प्रश्नच नाही.

आणि या नावामागची गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगते कारण ती आमच्याच गावाजवळ घडलीये. लुई प्रँग हा १८२४ मध्ये तेव्हाच्या प्रशियात, ब्रेस्लाउ शहरात जन्मलेला माणूस, बॉस्टनला येऊन त्याने रंगीत लिथोग्राफ म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं काढायचा कारखाना काढला, एका चित्रासाठी दगडामागून दगड, एकेक रंग वेगळा छापायचा. १८७०च्या दशकात त्याने ख्रिसमस कार्डं छापायला सुरुवात केली, आधी इंग्लंडच्या बाजारासाठी आणि मग १८७४ पासून अमेरिकेत, म्हणून इथे त्याला अमेरिकन ख्रिसमस कार्डाचा जनक म्हणतात. पुढे तो शाळांमध्ये चित्रकला शिकवली जावी म्हणून मागे लागला आणि शाळांसाठी रंग, पुस्तकं काढली. म्हणजे ज्या माणसाने छापील कार्डं घराघरांत नेली त्याच्याच नावाच्या डब्यातून आमची मुलं हाताने कार्डं रंगवतायत. मला हे फार आवडतं.

दुसरी गोष्ट वुस्टरची, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर. एस्थर हाउलंड, जन्म १८२८, माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेतून १८४७ मध्ये शिकून बाहेर पडली, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. तिच्या हाती इंग्लंडहून आलेलं लेसच्या कागदाचं व्हॅलेंटाइन पडलं आणि तिला वाटलं हे तर मी करू शकते. तिने नमुने करून भावाकडे दिले, तो सेल्समन होता, आणि तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट ऑर्डरी तो घेऊन आला. मग घरातच मैत्रिणींना बसवून काम वाटून दिलं, एकीने कापायचं, एकीने चिकटवायचं, एकीने पुढे सरकवायचं, चक्क असेंब्ली लाइन, आणि हे हेन्री फोर्डच्या किती आधी. वुस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहात त्या काळातली व्हॅलेंटाइन्स जपून ठेवलेली आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली की ती आपोआप टेबलावर कामं वाटून घेतात, कोण कापणार, कोण टेप काढणार, आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या क्लबात तेवढ्याने खूप फरक पडतो.

बालवाडी किंवा पहिलीची मुलं असतील तर क्रेयोलाचे वॉशेबल वॉटरकलर घ्या, कपड्यांवरून धुतले जातात आणि आयांची डोकी शांत राहतात. रंग प्रँगइतका गडद येईल अशी अपेक्षा त्या किमतीला आणि त्या वयाला ठेवायची नाही. कुठलाही डबा घेताना मागे एपी असं गोल चिन्ह बघा, म्हणजे ते सामान विषारी नाही असं तपासलेलं असतं. लहान मुलं ब्रशचं टोक तोंडात घालून टोकदार करतात, कितीही सांगा.

आता कॅमल. मराठी घरात कॅमलच्या ट्यूब नाहीत असं होत नाही, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी, २०११ पासून जपानच्या कोकुयोकडे आहे, आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या कोणालाही त्या ट्यूबांचा वास अजून आठवत असेल. पुण्याहून कोणी येणार असेल तर मी स्टुडंट ट्यूबचा सेट मागवतेच. त्यातला क्रिमसन म्हणजे गडद किरमिजी लाल हा व्हॅलेंटाइनसाठी बनवल्यासारखा रंग आहे, त्यात पाणी घातलं की थंड, स्वच्छ गुलाबी मिळतो. मोठ्या मुलांच्या टेबलावर मी एका बशीत क्रिमसन पिळून ठेवते आणि बाकी रंग प्रँगच्या डब्यातून. ट्यूब मुलांच्या हातात द्यायची नाही, अर्धी ट्यूब एका दमात बाहेर येते.

एक युक्ती सांगते जी कुठल्याही डब्याला लागू आहे. काळा, तपकिरी आणि हिरवा या वड्यांवर मी सरळ मास्किंग टेप चिकटवते. लाल आणि हिरवा ओल्या कागदावर भेटले की चिखल होतो, आणि मुलाला ते आधी कळत नाही. लाल, नारिंगी, जांभळा, पिवळा यांच्यात पिवळा आणि जांभळा एवढे दोन लांब ठेवले की बाकी कसेही मिसळा, छानच दिसतं. आणि पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. हे एवढंसं केलं की कार्डं एकदम उजळ होतात.

आता जे घेऊ नये ते. गेल्या वर्षी पालकांच्या कमिटीने खूप प्रेमाने रेडीमेड वॉटरकलर व्हॅलेंटाइन किट आणून दिली, ऑनलाइन मिळतात तसली, कंपनीचं नाव नाही घेत कारण अशी डझनभर आहेत आणि सगळी एकाच साच्यातली. आत हृदयाच्या बाह्यरेषा छापलेली कार्डं, कागदावरच लावलेले टिकलीएवढे रंगाचे ठिपके आणि एक प्लास्टिकचा ब्रश. कागद पातळ कार्डस्टॉक, पाणी लागलं की वर तरंग उठतात. रंगाचा ठिपका पहिल्या दोन कार्डांत संपतो. ब्रशचे केस कार्डावर चिकटून वाळतात. पाकीट कार्डापेक्षा केसभर लहान, त्यामुळे कोपरे दुमडावे लागतात. आणि या सगळ्यापेक्षा मला खटकलं ते छापील हृदय, सगळ्यांचं एकसारखं, मुलाने फक्त रेषेच्या आत रंग भरायचा. मग ते मुलाचं कार्ड कसं झालं? त्याच पैशात एक चांगलं पॅड आलं असतं. मुलांनी किट दहा मिनिटांत बाजूला सारली, आम्ही त्यातली पाकिटं तेवढी कापून नावाच्या चिठ्ठ्या केल्या.

हृदय हवंच असेल तर स्वच्छ पाण्याने काढायचं. कोरड्या कागदावर नुसत्या पाण्याने हृदयाचा आकार भरायचा, तिरकं बघितलं की चमकतो, आणि त्यात भरलेल्या ब्रशचं टोक टेकवायचं. रंग पाणी आहे तिथपर्यंतच धावतो आणि कडेला थांबतो, कोरड्यात जात नाही. मुलं ओरडतात अक्षरशः. यासाठी चांगला कागद लागतोच, साइझिंग नसेल तर कडा फुटतात. दुसरं म्हणजे मीठ, कागदावर पाण्याचं तळं नको पण चमक हवी, अशा वेळी जाड मीठ भुरभुरायचं, प्रत्येक कणाभोवती चांदणीसारखा पांढरा ठिपका उमटतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय झटकायचं नाही. इथे फेब्रुवारीत हीटिंग चालू असल्याने वर्गातली हवा इतकी कोरडी असते की चमक बघताबघता जाते, म्हणून मी पाण्याची स्प्रे बाटली जवळ ठेवते. पुण्या-मुंबईत पावसाळ्यात करत असाल तर याच्या उलट, वाळायची वाट बघा.

तिसरी गोष्ट मुलांची सगळ्यात लाडकी. पांढऱ्या क्रेयॉनने जोर देऊन कागदावर निरोप लिहायचा, दिसत काहीच नाही, वरून रंग फिरवला की मेणावर पाणी थांबत नाही आणि अक्षरं उमटतात. क्लबमधल्या एका मुलीने सुचवलं की मिस, रंगवायचंच नाही, तसंच कोरं द्यायचं, घेणाऱ्याने घरी जाऊन रंगवलं की कळेल काय लिहिलंय. तेव्हापासून निम्मी मुलं तेच करतात, सोबत एका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं, यावर रंग लाव.

ब्रश गोल, सिंथेटिक, आठ नंबरचा. प्रँगच्या डब्यात एक येतो तो चालतो, आणि मोठं पान ओलं करायला इंचभर रुंदीचा एक चपटा टेबलावर ठेवायचा. अक्षरांसाठी मोठ्या मुलांना साकुराचं मायक्रॉन पेन, त्याची पिगमेंट शाई वाळल्यावर पाण्याने पसरत नाही, पण टोक नाजूक असतं, दुसरीतलं मूल ते दाबून आत घालतं, त्यांना काळा क्रेयॉन बरा. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा भाग कोरा राखायला लावतात ते द्रव, मी मुलांसोबत अजिबात वापरत नाही, त्यात लेटेक्स असतं आणि वर्गात कोणाला ॲलर्जी असेल सांगता येत नाही, साधी टेप पुरते.

भारतात हे करायचं असेल तर पॅडच्या जागी ब्रुस्ट्रोचा ३०० जीएसएम, २५ टक्के कॉटनचा कागद मिळतो, तो या कामाला उत्तम. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरलात तर बाकी सगळंच मिळेल. आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाच. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला तो कागद हातात घेतला की सोडवत नाही. मी येताना त्यांचे रंगीत कागद आणते, रंगवलेला तुकडा त्याच्यावर चिकटवला की मागची खरबरीत कड चहूबाजूंनी फ्रेमसारखी दिसते, आणि पाकिटंही त्याचीच करतो. व्हॅलेंटाइन नको असेल तर हेच सगळं संक्रांतीच्या किंवा शिक्षक दिनाच्या कार्डांना चालतं, टेप कुठल्या रंगावर लावायची तेवढं बदला.

वाळलेली पानं थोडी वाकतातच, एक रात्र जाड पुस्तकांखाली ठेवली की सरळ होतात, त्यामुळे एका दिवशी रंगवणं आणि दुसऱ्या दिवशी कापणं-लिहिणं असेच दोन भाग पाडा, एकाच दिवसात उरकायला जाऊ नका.

भारतात आजी-आजोबांना पाठवायचं असेल तर साडेचार बाय सहाचं घडीचं कार्ड साधारण दहा-अकरा ग्रॅमचं होतं, पाकीट धरून एक औंसाच्या म्हणजे २८ ग्रॅमच्या बऱ्यापैकी आत राहतं, त्यामुळे एक ग्लोबल फॉरएव्हर स्टॅम्प, म्हणजे अमेरिकन पोस्टाचं परदेशी पत्रासाठीचं तिकीट, पुरतो. चौकोनी पाकीट घेऊ नका, पोस्टाच्या मशीनमधून जात नाही म्हणून जास्तीचे पैसे पडतात, आणि बटणं, मणी असलं जाड काही आत चिकटवू नका. पोस्टात मात्र जानेवारीतच टाका.